पगारातून कापलेली वर्गणी कोणाच्या राजकारणाला?

मार्क जेनस हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्य सरकारचे कर्मचारी. मुलांच्या पोटगीची प्रकरणं हाताळणं हे त्यांचं काम. त्यांच्या पगारातून दरमहा ४४ डॉलर ५८ सेंट कापले जात आणि ते ‘ॲफ्समी’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या युनियनकडे जात. जेनस या युनियनचे सभासद नव्हते आणि त्यांना व्हायचंही नव्हतं. राज्याची आर्थिक स्थिती बिकट असताना युनियन ज्या मागण्या रेटत होती, त्या त्यांना पटत नव्हत्या. तरीही पैसे कापले जात, कारण राज्याचा कायदाच तसा होता. जेनस कोर्टात गेले. २७ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून तिथल्या कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून, त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय, युनियनसाठी एक सेंटही कापता येत नाही.

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, बरोबरच आहे. जो सभासदच नाही, त्याच्याकडून वर्गणी कसली घ्यायची? पण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. युनियन ज्याच्यासाठी पगारवाढ मिळवते, त्याने त्या कामाचा खर्च द्यायचा की नाही, हा एक प्रश्न. आणि त्याच पैशातून युनियनने एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करायचा की नाही, हा दुसरा. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही परिस्थितीत ‘हो’ असू शकतं, दुसऱ्याचं मात्र ‘नाही’ असंच असायला हवं. आणि जो न्याय युनियनला, तोच कंपन्यांनाही लागला पाहिजे. असं का वाटतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सभासद नसलेल्याने पैसे का द्यायचे?

अमेरिकेत १९३५ साली वॅग्नर कायदा आला. एखाद्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांनी एक युनियन निवडली, की त्या ठिकाणच्या सगळ्या कामगारांच्या वतीने मालकाशी बोलण्याचा अधिकार त्या एकाच युनियनला मिळतो. तिला मत न देणारे, सभासद नसलेले, अगदी तिचा राग करणारे कामगारसुद्धा तिने केलेल्या कराराने बांधले जातात. वेगळं बसून स्वतःचा वेगळा करार करण्याची मुभा त्यांना उरत नाही. भारतात एकाच कारखान्यात चार झेंड्यांच्या चार युनियन असणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की, ही पद्धत आपल्याला चटकन लक्षात येत नाही.

एकाच युनियनच्या हाती एवढा अधिकार दिल्यावर तिने तो कसा वापरायचा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. तो उभा राहिला तो वंशभेदातून. दक्षिणेकडच्या लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत वाफेच्या इंजिनांवर अनेक कृष्णवर्णीय फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे कामगार, होते. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या युनियनमध्ये मात्र फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. या युनियनने रेल्वे कंपनीशी असा करार केला की कृष्णवर्णीय फायरमन हळूहळू कामावरून बाजूला पडतील. म्हणजे जी युनियन कायद्याने त्यांची प्रतिनिधी होती, तीच त्यांच्या पोटावर पाय देत होती आणि त्यांना तिच्या दारात उभंही करत नव्हती. बेस्टर स्टील या फायरमनने दावा लावला. वकील होते चार्ल्स ह्यूस्टन. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जी युनियन कायद्याच्या बळावर सर्वांच्या वतीने बोलते, तिने सभासद नसलेल्यांचंही प्रतिनिधित्व प्रामाणिकपणे आणि भेदभाव न करता केलं पाहिजे.

वर्गणीच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. युनियनला सभासद नसलेल्याचीही बाजू घ्यावीच लागते. त्याला अन्यायाने कामावरून काढलं तर त्याची तक्रार हाताळावी लागते. वाटाघाटींना बसणारे लोक, वकील, कंपनीचे ताळेबंद तपासणारे जाणकार, या सगळ्याला पैसा लागतो. मग ज्याला फायदा मिळणारच आहे, त्याने खर्च का उचलू नये? आपल्या हाउसिंग सोसायटीत लिफ्ट सगळ्यांसाठी चालते, म्हणून मेंटेनन्स सगळ्यांकडून घेतात. ‘मी सोसायटीच्या कमिटीला मत दिलं नव्हतं’ हे कारण तिथे चालत नाही. हाच विचार करून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सभासद नसलेल्यांकडून ‘एजन्सी फी’ घ्यायला परवानगी दिली. ही फी पूर्ण वर्गणीपेक्षा कमी असते. जेनस यांच्याकडून पूर्ण वर्गणीच्या सुमारे ७८ टक्के रक्कम घेतली जात होती. उरलेले २२ टक्के युनियनच्याच हिशेबानुसार राजकारणावर आणि अशाच इतर कामांवर खर्च होत होते, म्हणून ते त्यांना माफ होते.

पण सोसायटीच्या अध्यक्षाने त्याच मेंटेनन्सच्या पैशातून नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे बॅनर छापले तर? तिथे आपण सगळेच उठून उभे राहू. त्या उमेदवाराला मत देणारेसुद्धा.

वाटाघाटी कुठे संपतात, राजकारण कुठे सुरू होतं?

अमेरिकी युनियन राजकारणात किती उतरतात, याची आपल्याला नीटशी कल्पना नसते. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने युनियनच्या सर्वसाधारण तिजोरीतून देशपातळीवरच्या निवडणुकांत पैसा घालायला बंदी केली. त्यामुळे उमेदवाराला थेट देणग्या देण्यासाठी युनियनना सभासदांकडून स्वेच्छेने जमवलेला वेगळा निधी ठेवावा लागतो. तो नियम आजही आहे. पण उमेदवाराला थेट देणगी देणं हा राजकारणाचा एक छोटा कोपरा झाला. कायदेमंडळात एखादं विधेयक पास व्हावं किंवा पडावं म्हणून प्रयत्न करणं, एखाद्या प्रश्नावर जाहिराती करणं, राज्यातल्या आणि शहरातल्या निवडणुका, मतदारांना घराबाहेर काढण्याची मोहीम, हे सगळं बाकी राहतं. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर तर कंपन्या आणि युनियन या दोघांनाही उमेदवारापासून स्वतंत्र राहून निवडणुकीत हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक मिळाली.

हा पैसा जातो कुणाकडे? बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने. आणि कामगार मत कुणाला देतात? २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानानंतरच्या पाहणीत युनियनशी संबंध असलेल्या घरांतली ४० टक्क्यांहून जास्त मतं डोनाल्ड ट्रम्प यांना पडल्याचं दिसलं. म्हणजे ढोबळमानाने दर दहा सभासदांपैकी चारेक जणांची वर्गणी त्यांनी ज्याला मत दिलं, त्याच्याच विरोधात वापरली जाऊ शकत होती. युनियनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती झटकून टाकू नये. कामगार चळवळीवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच मला ती बोचते.

न्यायालयांनी यावर वाट काढायचा प्रयत्न केला. रेल्वे कामगारांच्या एका खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कामगाराचा विरोध असेल तर त्याच्या सक्तीच्या वर्गणीतून राजकीय खर्च करता येणार नाही. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या ‘अबूड’ खटल्यात सरकारी नोकरांसाठीही तीच रेघ आखली गेली: वाटाघाटी, कराराची अंमलबजावणी आणि तक्रारींचं निवारण यांचा खर्च सभासद नसलेल्यानेही द्यायचा, राजकीय आणि वैचारिक कामाचा खर्च नाकारायचा हक्क त्याला असेल. १९८६ मध्ये शिकागोच्या शिक्षकांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक अट घातली. फीचा हिशेब कसा केला हे युनियनने आधीच समजावून सांगायचं आणि कुणी आव्हान दिलं तर निःपक्ष माणसासमोर ते चटकन ऐकलं गेलं पाहिजे.

हॅरी बेक यांचा खटला मात्र सगळ्यांत जास्त सांगून जातो. ते टेलिफोन क्षेत्रातले कामगार. युनियनची फी द्यायला त्यांची ना नव्हती. ‘राजकारणाचा भाग वगळून मागा’, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हिशेब तपासायला नेमलेल्या अधिकाऱ्याने कागद मागवले, तेव्हा युनियनला जेमतेम २१ टक्के खर्च वाटाघाटींशी जोडून दाखवता आला. उरलेले ७९ टक्के बेक यांच्याकडून घेण्याचा तिला हक्क नव्हता. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेक यांचं म्हणणं मान्य केलं, आणि खासगी क्षेत्रातल्या कामगारांना आपला राजकीय वाटा परत मागण्याचा हक्क मिळाला. सगळा उरलेला पैसा राजकारणातच गेला असा त्या ७९ टक्क्यांचा अर्थ नाही. त्यात नवे सभासद जोडण्याचा, इतर ठिकाणच्या कामांचा खर्चही होता. पण जिथे सक्तीने पैसा घेतला जातो तिथे हिशेब एवढा ढिला असेल, तर लोकांचा विश्वास उडतो. हे युनियनच्या विरोधकांनी केलेलं नुकसान नव्हतं.

मुळात ही रेघ आखायची कुठे, हे ठरवणं अवघड आहे. वर्गात चाळीस मुलं असली तर शिकवता येत नाही, संख्या कमी करा, असं शिक्षकांची युनियन शाळा मंडळाला सांगते, तेव्हा ती वाटाघाट असते. त्यासाठी पैसा लागतो आणि तो राज्याच्या विधिमंडळाने द्यायचा असतो. म्हणून तीच युनियन आमदारांना भेटते. आता हे राजकारण झालं का? मिशिगनमधल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांच्या प्रकरणात १९९१ मध्ये न्यायालयाने याचं उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ठोस करार मंजूर करून घेण्यासाठी किंवा अमलात आणण्यासाठी केलेले प्रयत्न सोडले, तर आमदारांकडे जाऊन शिक्षणावरचा निधी वाढवून मागणं हा राजकीय खर्च धरायचा. वाचायला स्पष्ट वाटतं, पण प्रत्यक्षात प्रत्येक युनियनच्या प्रत्येक वर्षाच्या जमाखर्चावर वकील भांडत बसले.

मग काही राज्यांनी सगळ्याच प्रकारची सक्ती काढून टाकली. आज २६ राज्यांत ‘राइट टू वर्क’ कायदे आहेत. तिथे खासगी क्षेत्रातसुद्धा सभासद नसलेल्याकडून वाटाघाटींचा खर्चदेखील घेता येत नाही. मिशिगनने २०१२ मध्ये असा कायदा केला आणि २०२३ मध्ये तो मागे घेतला. मिसुरीच्या मतदारांनी २०१८ मध्ये तो मोठ्या फरकाने फेटाळला. या कायद्यांनी युनियनकडून पैसा काढून घेतला, पण सर्वांची बाजू घेण्याची जबाबदारी मात्र तशीच ठेवली. मला हे अन्यायाचं वाटतं. जबाबदारी काढायची असेल तर दोन्ही बाजूंनी काढा.

जेनस निकालाने काय बदललं?

अमेरिकेच्या राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्याचं कलम सरकारला बांधतं, खासगी मालकाला नाही. म्हणूनच जेनस निकाल फक्त सरकारी नोकरांना लागू आहे. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: खासगी कारखान्यातली पगारवाढ हा मालक आणि कामगार यांच्यातला मामला असतो. पण सरकारी नोकराचा पगार करदात्याच्या पैशातून येतो. शिक्षकांना किती पगार द्यायचा, निवृत्तिवेतनाचा बोजा किती उचलायचा, ज्येष्ठतेप्रमाणे बढती द्यायची की कामगिरीप्रमाणे, हे सगळेच सार्वजनिक धोरणाचे प्रश्न आहेत. म्हणून सरकारी युनियनच्या बाबतीत वाटाघाटी वेगळ्या आणि राजकारण वेगळं असं करताच येत नाही. सगळंच राजकीय भाषण आहे, आणि माणसाला न पटणाऱ्या भाषणासाठी पैसे द्यायला लावता येत नाही.

हा युक्तिवाद हुशारीचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच्या जोरावर न्यायालयाने ४१ वर्षं चाललेला अबूड निकाल रद्द केला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत लिहिलं. वीसहून जास्त राज्यांचे कायदे आणि हजारो करार या रेघेवर उभे होते, ते एका फटक्यात मोडले गेले, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी १९९१ मध्ये मांडलेला एक मुद्दाही या वादात पुन्हा आला. स्कॅलिया युनियनचे मित्र म्हणून कधीच ओळखले जात नव्हते. तरी त्यांनी तेव्हा म्हटलं होतं की युनियनवर सर्वांची सेवा करण्याचं बंधन जर कायदाच घालतो, तर त्या सेवेचा खर्च मागायची परवानगीही कायदा देऊ शकतो. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

हाच प्रश्न २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या खटल्यातून न्यायालयापुढे आला होता. सुनावणीनंतर स्कॅलिया यांचं निधन झालं आणि ४ विरुद्ध ४ अशी मतं पडून प्रश्न लटकला. दोन वर्षांत न्यायमूर्ती बदलले आणि निकालही बदलला. जेनस खटल्याची सुरुवातही मुळात जेनस यांनी नव्हे, तर इलिनॉयच्या रिपब्लिकन गव्हर्नरने केली होती, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. युनियनचा राजकीय पैसा थांबवण्याची मोहीमही राजकीयच होती.

निकालानंतर सभासद नसलेल्यांची फी थांबली. सरकारी क्षेत्रातल्या युनियन कोसळतील, असं अनेकांनी भाकीत केलं होतं. तसं झालं नाही. निकाल येणार हे ओळखून युनियनचे कार्यकर्ते महिनोन्‌महिने एकेका कर्मचाऱ्याशी बोलत होते, सभासदत्वाची कार्डं भरून घेत होते. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांपैकी आजही सुमारे एक तृतीयांश लोक युनियनचे सभासद आहेत. खासगी क्षेत्रात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे. पैसे आपोआप येत होते, तेव्हा माणसांशी बोलायची गरज युनियनला कमी वाटत होती. गरज पडल्यावर ती बोलली.

फॉर्मवरची खूण

ब्रिटनने हा वाद अमेरिकेच्या कितीतरी आधी अनुभवला. वॉल्टर ऑस्बोर्न हे लंडनमधल्या क्लॅप्टन स्टेशनवरचे रेल्वे कर्मचारी, युनियनच्या शाखेचे सचिव आणि उदारमतवादी पक्षाचे पाठीराखे. मजूर पक्षाला पाठबळ देण्यासाठी आपली वर्गणी वापरू नये, म्हणून ते स्वतःच्याच युनियनविरुद्ध कोर्टात गेले. १९०९ मध्ये ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे त्या काळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, जिंकले आणि मजूर पक्षाचा श्वासच कोंडला. त्या काळी खासदारांना पगार नव्हता. कामगार घरातून आलेला खासदार युनियनच्या पैशावरच जगायचा. श्रीमंतांना राजकारण परवडत होतं, गरिबाला युनियनशिवाय परवडणारच नव्हतं. युनियनने राजकारणात पैसा का घालावा, या प्रश्नाचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

तिथल्या संसदेने यावर दोन बाजूंनी उत्तर काढलं. १९११ पासून खासदारांना वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला. आणि १९१३ च्या कायद्याने सांगितलं की युनियनला राजकारण करता येईल, पण आधी सभासदांचं मतदान घ्यायचं, राजकारणाचा निधी वेगळा ठेवायचा आणि ज्याला तो द्यायचा नाही त्याला लेखी नकार देता येईल.

पुढची शंभर वर्षं ब्रिटनमध्ये भांडण चाललं ते नकार कसा नोंदवायचा यावर. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर १९२७ मध्ये सरकारने नियम उलटा केला: नकार देण्याऐवजी आता होकार लिहून द्यावा लागणार. हक्क तोच राहिला, फक्त फॉर्मवरची खूण फिरली. एवढ्यानेच युनियनमार्फत मजूर पक्षाशी जोडलेल्या सभासदांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती ती १९२८ पर्यंत २० लाखांच्या घरात आली. १९४६ मध्ये मजूर सरकारने ती खूण परत फिरवली. थॅचर यांच्या काळात १९८४ मध्ये दर दहा वर्षांनी नव्याने मतदान घेण्याची अट आली. युनियननी मतदानं घेतली आणि सभासदांनी राजकीय निधी ठेवायच्या बाजूने कौल दिला. २०१६ च्या कायद्याने नव्या सभासदांसाठी पुन्हा होकाराची पद्धत आणली आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ती पुन्हा मागे घेतली.

बहुतेक लोक फॉर्म भरताना आधीच छापलेलं बदलत नाहीत. त्यामुळे खूण कुठे छापली आहे यावरच लाखो पौंड इकडचे तिकडे होतात. ‘कुणाला सक्ती नाही’ एवढं कायद्यात लिहून काम भागत नाही, ते यासाठी. माझं मत होकाराच्या बाजूने आहे. कामगाराने एकदा, स्वच्छ अक्षरात, ‘हो, माझे एवढे पैसे राजकारणाला वापरा’ असं लिहून द्यावं. त्याने युनियनचा पैसा घटेल हे उघड आहे. पण जो उरेल, त्याच्या जोरावर युनियन ताठ मानेने बोलू शकेल.

भारतात १९२६ मध्येच लिहिलेलं उत्तर

आपल्याकडे हा प्रश्न अमेरिकेपेक्षा शांतपणे सुटला, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा होता. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी बी. पी. वाडिया यांच्या युनियनविरुद्ध हायकोर्टाचा मनाई हुकूम मिळवला. संघटना बांधणं हाच जणू गुन्हा ठरला. तेव्हा कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण मिळावं असा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. ब्रिटनमध्ये १९१३ मध्ये निघालेली वाट त्यात कलम १६ म्हणून आली.

कलम १६ वाचण्यासारखं आहे. युनियनला राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारता येतो, पण तो वेगळ्या वर्गणीतूनच. निवडणुकीतल्या उमेदवाराचा खर्च, मतदार नोंदणी, राजकीय सभा, लोकप्रतिनिधीचा निर्वाह, असं सगळं त्यातून करता येतं. कुणालाही हा पैसा देण्याची सक्ती करता येत नाही. न देणाऱ्याला युनियनच्या बाकीच्या फायद्यांपासून तोडता येत नाही. फक्त त्या निधीच्या कारभारात त्याला शब्द नसतो. सभासद करून घेताना ‘राजकीय निधी द्यावाच लागेल’ अशी अटही घालता येत नाही. युनियनच्या साध्या वर्गणीचं तर आणखी सोपं आहे. ती पगारातून कापायची असेल तर कामगाराची लेखी परवानगी लागते. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि जुना कायदा गेला, पण वेगळ्या आणि ऐच्छिक राजकीय निधीचं तत्त्व त्या संहितेतही कायम आहे.

कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात आपला प्रश्न वेगळाच आहे. आपल्या मोठ्या युनियन पक्षांच्या अंगाखांद्यावर वाढल्या: इंटक काँग्रेसच्या, आयटक कम्युनिस्टांच्या, सीटू मार्क्सवाद्यांच्या, दत्तोपंत ठेंगडींचा भारतीय मजदूर संघ संघपरिवारातला, मुंबईत शिवसेनेची भारतीय कामगार सेना. इथे वर्गणी किरकोळ असते, पक्षाला ती मिळून फार काही मिळत नाही. पक्षाला हवी असते ती गर्दी, मोर्चा, गेटवरचा झेंडा.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक युनियन’ मान्य केली. ती होती इंटकशी जोडलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तिने केलेला करार सगळ्या गिरणी कामगारांना बांधायचा, मग ते तिचे सभासद असोत वा नसोत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत पगार आणि बोनस होताच, पण हा कायदा रद्द करून आपली युनियन आपल्याला निवडू द्या, ही मागणीही होती. त्यांच्याकडून वर्गणीची सक्ती कायद्याने होत नव्हती. सक्ती होती ती प्रतिनिधित्वाची. आपल्या वतीने कोण बोलणार हेच ठरवता येत नसेल, तर खिशातले चार पैसे वाचून काय उपयोग? नव्या संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला एकटीनेच वाटाघाटी करण्याचा मान आहे. म्हणजे आपणही आता अमेरिकेच्या पद्धतीजवळ सरकलो आहोत. ४९ टक्क्यांची बाजू प्रामाणिकपणे कोण घेणार, हा स्टील यांचा १९४४ चा प्रश्न इथल्या कारखान्यांतही विचारावा लागेल.

आणि कंपन्यांचं काय?

कामगाराच्या पैशाबद्दल एवढा काटेकोर विचार करायचा, तर भागधारकाच्या पैशाबद्दल का नाही? भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता, यांच्यामार्फत आपल्यापैकी लाखो जण कंपन्यांचे छोटे मालक आहेत. त्या कंपन्या पक्षांना देणग्या देतात, तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही.

मुंबई हायकोर्टापुढे हे प्रकरण १९५७ मध्ये आलं होतं. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याचा विचार करून परवानगी दिली, पण सोबत संसदेला बजावलं की कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जाऊ देण्यात लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोका आहे. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांसोबत तो बदलही घटनाबाह्य ठरवला आणि मर्यादा परत आली.

तरीही कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे देणगी द्यायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. भागधारकांचं मतदान घ्यावं लागत नाही, आणि ‘माझा वाटा यातून वगळा’ असं म्हणायचीही सोय नाही. १९२६ च्या कलम १६ ने गिरणीतल्या साचेवाल्याला जो नकाराचा हक्क दिला, तो आजच्या भागधारकाला मिळालेला नाही. युनियनच्या वर्गणीवर आवाज उठवणाऱ्यांनी निदान भागधारकांच्या सभेत मतदान घेण्याची अट तरी कलम १८२ मध्ये घालून घ्यावी.